आठ फुटांखाली

अ‍ॅरिझोनात, मेसामधल्या आमच्या चौसष्ट घरांच्या वसाहतीत
पूलच्या किल्ल्या माझ्याकडे असतात, आणि रजिस्टर.
क्लोरीन किती, फिल्टर कधी धुतला,
कुणाचा टॉवेल राहिला,
सगळं मी आधी मराठीत लिहिते, मग इंग्रजीत.

एप्रिलात कौंटीचा माणूस आला.
गुडघ्यांवर बसून पाण्यात बघत राहिला
विहिरीत पडलेली कळशी शोधावी तसा.
म्हणाला, तळाच्या जाळीची मुदत संपलीय.
जाळीला कसली मुदत?
असते, म्हणाला, औषधाच्या बाटलीला असते तशी.
प्लास्टिक ठिसूळ होतं,
आणि खालून पंप तर ओढतच असतो.

ओढ.
हा शब्द मी आजवर माणसांसाठीच वापरत आले.

गेटला पिवळा कागद लागला. पूल बंद.

मीटिंगमध्ये लॉरेन हॅस्केट म्हणाली,
वीस वर्षांत काही झालंय का कुणाला?
वेन म्हणाला, तसलीच जाळी अठरा डॉलरला मिळते,
बुडी मारून मीच बसवतो, पाच मिनिटांचं काम.
तसलीच चालत नाही, वेन.
पंप मिनिटाला किती पाणी खेचतो,
जाळी किती सोसते, तिच्याखालचा खड्डा किती खोल,
दोन जाळ्यांत अंतर किती,
पत्रिका जुळवतात त्याहून कडक आहे हे.
आणि या कायद्याला एका मुलीचं नाव आहे.
सात वर्षांची होती.

लॉरेननं चष्मा काढून पुसला, बराच वेळ.
ठराव मंजूर, नऊ विरुद्ध दोन.

डेल्फिनो आर्विझू आला, परवान्याची प्रत खिशात घेऊन.
आधी पंपाचा खटका पाडला,
खटक्याला कुलूप लावलं,
किल्ली गळ्यात घातली मंगळसूत्रासारखी,
मग उतरला, पाणी न काढताच.
या उन्हात पूल रिकामा केला तर गिलावा तडकतो म्हणे.
बुडबुडे येत राहिले. मी मोजत बसले,
कशासाठी कुणास ठाऊक.

वर आली ती जाळी पापडासारखी मोडली त्याच्या हातात.
मग त्यानं काठावर स्क्रू ठेवले:
तीन स्टीलचे,
चौथा पितळी, हिरवा पडलेला, गोल डोक्याचा.
हा कुणी लावला? हा इथला नाही.

नाहीच इथला.
सांगलीच्या सुतारानं तो आमच्या देवघराच्या दाराला लावला होता.
सतरा वर्षं ते डावं दार एका स्क्रूवर कललेलं आहे,
आणि श्रीरंग दर दिवाळीला म्हणायचा,
लावतो गं, उद्या.

आठवतो तो दिवस. ओल्या चड्डीनं घरात आला,
फरशीभर पाणी, तोंडभर हसू.
पूलची जाळी हलत होती, केली पक्की!
वसाहतीचे शंभर डॉलर वाचवले!
मी कौतुकानं आलं घालून चहा केला होता.

किती पोरं पोहली असतील त्यानंतर,
देवघरातल्या एका स्क्रूच्या भरवशावर.
रागवायला तो नाही आता.
मी त्या स्क्रूवरच रागावले,
काठावर बसून, मराठीत, मोठ्यानं.
डेल्फिनो काही बोलला नाही.
नव्या जाळीसोबत आलेलं स्क्रूचं पाकीट फाडलं
आणि पुन्हा खाली गेला.

देवघराच्या दाराला तो परत बसेना, आटे झिजलेत.
दुकानातून मापाचा आणला.
हा हळदकुंकवाच्या करंड्यामागे ठेवलाय, टाकवत नाही.

रजिस्टरात लिहिलं: जाळ्या दोन, नव्या.
बसवल्याची तारीख. मुदतीची तारीख.
त्या साली मी एक्याऐंशीची होईन, किंवा होणार नाही.
म्हणून पंपघराच्या दारावरही रंगवली,
हातभर आकड्यांत,
या वेळी फक्त इंग्रजीत.