किसननगरहून, सर्व कुटुंबीय

ठाण्याला स्वतःचं असं रेडिओ केंद्र नव्हतं तेव्हा.
आवाज मुलुंडचा चेकनाका ओलांडून यायचा,
जकात न भरता,
आणि वागळे इस्टेटच्या पत्र्यांवर आपटत
माझ्या खोलीत शिरेपर्यंत
त्याला थोडी खरखर लागलेली असायची,
लांबून चालत आलेल्याच्या चपलेला माती लागते तशी.

दिवसभर मी ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायचो.
तांब्याची तार, चौदाशे वेढे, मनात मोजत.
एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून.
रात्री पोस्टकार्ड लिहायला बसलो
तरी बोटं तेच करायची.
माझा ळ तीनदा वळायचा
आणि मगच थांबायचा.

गुरुवारी साडेदहाला कुमुदिनी रेडकर यायच्या.
चेहरा माहीत नव्हता.
पाण्याचा घोट घेतलेला कळायचा कधीकधी,
कागद उलटल्याचं कळायचं.
"आणि किसननगरहून," त्या म्हणायच्या,
मग श्वास घ्यायच्या,
"मंगळाताई, बाळा, काळूमामा, कमळी
आणि सर्व कुटुंबीय."

सर्व कुटुंबीय म्हणजे मी.
एक स्टोव्ह, एक वळकटी, खिळ्याला शर्ट.

पंधरा पैशांत घर भरायचं.
मंगळाताईला मी संधिवात दिला होता,
कमळीला लांब केस.
काळूमामा दुसऱ्या कडव्यालाच घोरायचा.
एकदा कार्डाच्या कोपऱ्यात उरलेल्या जागेत लिहिलं,
बाळा दहावी पास झाला, तिसऱ्या खेपेला,
तर बाईंनी अभिनंदन केलं त्याचं
सगळ्या मुंबई-ठाण्यासमोर.
मी पावशेर पेढे आणले.
शेजारच्या पावसकर वहिनी म्हणाल्या, कसले हो?
म्हटलं, भाचा.

शेवटचा कार्यक्रम होता हे मला ठाऊक नव्हतं.
त्या आठवड्यात मोठी ऑर्डर, सक्तीचा ओव्हरटाइम.
बारा वाजता जिना चढलो तर वहिनी दारातच उभ्या.
"अहो, किसननगरचं बोलल्या त्या आज!
नावं घेतली तुमची ती नेहमीची. मग म्हणाल्या,
ही सगळी कार्डं ज्यांनी लिहिली,
त्यांचा तो ळ..."
ळ काय?
"तेवढ्यात दूध उतू गेलं हो."

त्या दुधावर माझा अजून राग आहे.
चाळीस वर्षं मी ते वाक्य पुरं करतोय.
कधी बाई हसतात त्यात. कधी रागावतात.
कधी नुसतं म्हणतात, ओळखला मी,
आणि गाणं लावतात.
पत्र पाठवून विचारता आलं असतं,
पण मग ते कुणाच्या नावाने पाठवायचं?

आता मानपाड्याला राहतो, सातव्या मजल्यावर.
सकाळी नात माझ्या कानात पांढरं बोंडूक खुपसते.
तिचा लाडका जॉकी तीन हात नाक्याच्या कोंडीवर विनोद करतो,
घोडबंदरचे खड्डे मोजतो,
चुकला तर पहिल्यापासून मोजत नाही.
पोरगा बरा आहे. मला हसू येतं त्याचं.
फक्त श्वास कधी घेतो ते कळत नाही
आणि आवाजाला माती नसते.

"आजोबा, मेसेज करू? तुमचं नाव घेईल तो."
"मंगळाताई लिही," मी म्हणतो.
तिचा अंगठा सरसर चालतो.
काचेवर ळ उमटतो, गुळगुळीत,
कुणाचाही असेल असा.
"मंगळाताई कोण?"
"घरातलीच आहे," म्हटलं.
"गुडघे कसे आहेत, तेवढं विचारायला सांग त्याला."