तिसऱ्या रांगेतली छत्री

रिमिनीला समुद्र आहे, आणि तो भाड्याने मिळतो.
हे मला हेमांगीने सांगितलं
भेंडी चिरता चिरता, मंगळवारी.
बाहेर सोहारमध्ये एप्रिलातच एक्केचाळीस अंश,
आणि गार पाण्याचा नळ सोडला
तर त्यातून थेट चहाचं आधण.

पहिली रांग महाग. दुसरी भरली.
तिसरीत दोन खुर्च्या, एक छत्री, आठ दिवस.
रियालात किती होतात ते तिने
भेंडीच्या कागदी पिशवीवर मांडलं होतं
चिकट बोटांनी, हातचा एक धरून.

मी काही बोललो नाही.
बारा वर्षं मी समुद्रातून मीठ काढतो.
म्हणजे मशिनं काढतात, मी आकडे लिहितो:
दर दोन तासांनी एक नमुना,
एक काचेचा ग्लास, एक सही.
जन्म मनमाडचा. आमच्याकडे पाणी वेळेवर नाही,
तारखेवर यायचं,
आणि त्या तारखेला शाळेत पोर दिसलं
तर मास्तरच विचारायचे, घरी कुणी आजारी आहे का.
त्या गावच्या माणसाने समुद्र गोडा करून पगार घ्यायचा
आणि त्याच पगारातून
दुसरीकडचं खारं पाणी विकत घ्यायचं.
आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली,
भरल्या पोटीच सुचतं असलं. जाऊन या.

माझ्या पाळीतला हमूद तर हसतच सुटला.
समुद्र बघायला विमान?
त्याच्या बापाची होडी आहे.
समुद्र म्हणजे त्याच्या लेखी कामावर जायचा रस्ता,
त्यात बघायचं काय.

फॉर्म अकरा पानांचा.
पगाराचं पत्र, कंपनीची हरकत नसल्याचं पत्र,
बँकेचे सहा महिने,
आणि परत येणार याची हमी.
परत म्हणजे कुठे, ते फॉर्म विचारत नाही.
त्याला सोहार पुरतं.
'प्रवासाचं कारण' पाशी हेमांगी बराच वेळ थांबली.
मग पर्यटनावर खूण केली,
बरोबर उत्तर दुसरंच आहे
पण मार्क यालाच मिळणार, अशा चेहऱ्याने.

शुक्रवारी तिने पोहायचा पोशाख आणला.
निळा, गुडघ्यापर्यंतचा.
बाथरूमचं दार पाऊण तास बंद.
बाहेर आली ती पुन्हा गाऊनमध्येच.
"मापात आहे," एवढंच म्हणाली.
लेबल मात्र अजून कापलेलं नाही.

पंधरा ऑगस्टला तिथेही सुट्टी असते म्हणे,
झेंड्याची नाही, डुंबायची.
अख्खा देश त्या दिवशी वाळूवर.
आम्ही नेमके त्याच आठवड्यात,
कारण माझं युनिट तेव्हाच दुरुस्तीला बंद.
गर्दी असेल, मी म्हटलं.
असू दे, ती म्हणाली,
रिकामा समुद्र तर इथे रोज आहे.

काल रात्री जेवणं उरकून
डिकीत प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या टाकल्या
आणि किनाऱ्यावर गेलो.
वाळूवर तारल्या वाळत पडलेल्या,
ओळीने, कुशीवर, दिव्यात चकाकत.
जागेचं भाडं आधीच भरून बसल्यासारख्या.
हेमांगीने नाकाला ओढणी लावली आणि मोजलं:
ही पहिली. ही दुसरी.
आपण इथे.

बसलो. वारा नव्हता.
लांब बंदरात एका जहाजावर तीन दिवे.

"तिथलं पाणी किती खारट?"
"इथल्यापेक्षा जरा कमी."
"चवीत कळेल?"
"मला कळेल."
ती हसली नाही. खरंच विचारत होती.

मग मी विचारलं, "दिसतोय का समुद्र?"
"अर्धा."
खुर्चीसकट उठून, खुर्ची न सोडता,
ती दोन पावलं पुढे सरकली,
तारल्यांच्या अगदी कडेशी,
आणि मागे वळून न बघताच म्हणाली,

"यादीत लिहून ठेव.
तिथे खुर्ची पुढे ओढू देतात का, विचारायचं आहे."