कारणाचा रकाना

पहिली तर सुटायच्या आधीच
वनिता डोर्लेकर शाळेच्या पायरीवर.
मासळीची पाटी उंबऱ्याबाहेर ठेवली,
पदराला हात पुसले, म्हणाली,
स्वरांगीचा दाखला द्या, गुरुजी.

पट अकरा.
दहा झाला की वरून विचारणा होणार,
हे तिला ठाऊक, मलाही.

मी म्हटलं, बसा. अर्धं वर्ष सरलंय.
पलीकडे जायचं तर रोजचं तरीचं भाडं,
उधाणाला तर बंद,
शिवाय सही, शिवाय शिक्का...
शिक्का टेबलावरच होता.
तिनं पाहिला.

ती बसली नाही.
बांगडे गुंडाळायच्या रद्दीतला एक कागद
पोरीपुढे धरला. वाच.
चौथीतली स्वरांगी अक्षरांवरून अशी चालली
जसं अनवाणी कालवांच्या खडकावरून,
पाय उचलत, पाय उचलत,
आणि जोडाक्षरापाशी थांबून
माझ्याकडे बघू लागली.

वनिता भांडली असती तर बरं झालं असतं.
सांगता आलं असतं: चार वर्ग, एकटा मी.
दुसरे गुरुजी कागदावर इथे, अंगानं तालुक्याला.
मतदारयादी, जंताच्या गोळ्या, तांदळाचा हिशेब,
फोटो पाठवायला टेकडीवर
काजूखाली हात उंचावून उभा मी.
यातलं काहीच खोटं नाही.
पण यातल्या कशानंही
खारव्याच्या पोरीला
'समुद्र' वाचता येत नव्हता.

"कायद्यात हाय म्हनतात, अडवता येत नाय,"
ती हळूच म्हणाली,
जणू माझीच लाज झाकत.

कपाटात माझाही अर्ज आहे.
परभणीला बदली, सहावं वर्ष.
तिथल्या कारणाच्या रकान्यात
मी पुरवणी जोडली होती.

दाखल्यावर कारणाला बोटभर जागा.
'पालकांची विनंती' लिहायची पद्धत.
पेन अडलं.
"काय पन लिवा," वनिता म्हणाली,
"तर सुटंल."

पद्धतीप्रमाणे लिहिलं.
शिक्का जरा जोरातच बसला.

रद्दीचा कागद टेबलावरच राहिला.
उरलेल्या दहांना एकेक करून बोलावलं,
तोच शब्द, बोट ठेवून.
सहाजण थांबले.
थांबले तिथे मीही थांबलो.
टेकडीवर त्या दिवशी गेलो नाही.
वरून फोन आलाही असेल,
खाली रेंज नसते.