काठीची लांबी

अब्बाच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती.
अख्ख्या हररला वाटायचं, तरसानं नेली.
अब्बानं कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.
त्या नसलेल्या दोन बोटांचे
परके पाहुणे जरा जास्त पैसे द्यायचे.
खरी ती गेली दिरे दावाच्या गिरणीत,
पट्ट्यात अडकून,
माझ्या जन्माच्याही आधी.

तो गेला, त्यानंतर आठव्या रात्री
मी कोटाबाहेर जाऊन बसले.
टोपलीत उंटाची चामडी, चरबी, थोडं मांस.
हातात दोन हात लांब काठी.
भिंतीच्या बुडाशी एक भोक आहे,
पाणी बाहेर जायला नि तरस आत यायला.
त्याच्याकडे तोंड करून हाक मारली,
अब्बाच्याच चालीवर :
ओब्सा! ओब्सा!
(आमच्या भाषेत ओब्सा म्हणजे धीर.)
अंधारात डोळे उगवले. सात जोड्या मोजल्या.
एकही पुढे सरकली नाही.
तुकडा काठीवर वाळला, त्याला मुंग्या लागल्या.

महिनाभर हेच.
आई म्हणाली, त्याचा सदरा घालून बघ.
घातला. ओब्सा आली,
बाही हुंगली,
आणि अशी बघत राहिली
की मलाच ओशाळल्यासारखं झालं,
कुणाची खोटी सही करताना पकडल्यासारखं.
सकाळी सदरा धुऊन पेटीत ठेवला
आणि रात्री माझ्या घामाच्या कपड्यांत जाऊन बसले.

पाऊस सरता सरता तिनं पहिला तुकडा ओढला.
आधी ती, मग तिच्या लेकी,
नर सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं चाटायला.
(भावाला हे सांगितलं. त्याला आवडलं नाही.)

मग मी काठी कापत गेले.
हातभर.
वीतभर.
चार बोटं.
गाढवाची मांडी कडाकडा फोडणारा तो जबडा
माझ्या नखापाशी येऊन असा बारीक व्हायचा,
जशी आई दिव्यापाशी सुईत दोरा ओवते.

एकदा मला ताप होता, हात थरथरत होता.
तिनं तुकडा घेतलाच नाही,
मागे सरून बसली.
म्हणाली, आधी बरी हो, मग बघू.
नाही, ती काही म्हणाली नाही.
हे मीच म्हणते.
तापाचा वास आवडला नसेल तिला.

काल एका पाहुण्यानं विचारलं,
ही माणसाळलीये का?
म्हटलं, छे.
परवाच हिनं कासिमचं शिंगरू नेलं.
आणि कासिम अजूनही खाटकाकडची हाडं
माझ्या दारात आणून टाकतो,
तोंड फिरवून, पण टाकतो.
ती नाही माणसाळली.
आम्हीच थोडे तरसाळलो असू.

काठी आता करंगळीएवढी उरलीये.
चुलीत घालवत नाही.
रोज रात्री घरी आले की
हात धुण्याआधी
बोटं मोजते.