आठ ओम

जुन्या स्पीकरची फोमची कड
बोट लावताच सुटून आली,
चहात राहिलेल्या बिस्किटासारखी.
सतरा पावसाळ्यांची ओल. आधी खर्ज गेला,
मग तंबोरा,
शेवटी उरला पत्र्यावर नख ओढणारा
एक गवई.

भिशीचे बावीस हजार.
त्यातले चार फ्रीजच्या कॉम्प्रेसरला,
हे सुलक्षाने भिशी लागायच्या आधीच
ठरवून टाकलेलं.
उरले अठरा.
बोरीच्या पुलावरून बस जाताना
खिशातल्या खिशात मी ते दोनदा मोजले,
बोटांनी, जसा ठेका मोजतात.

रुझारबाबचं दुकान मडगावात, गल्लीच्या आत,
शेजारी शवपेट्या करणारा सुतार.
"तोय पेट्यो करता, हांवूय," रुझारबाब म्हणाला,
"म्हज्यो उलयतात."
मग अँप्लिफायर कुठला, किती जुना,
चाळीस वॅट, आठ ओम,
सगळं डॉक्टरासारखं विचारून घेतलं
आणि फळीवर मावतील अशा
तीन जोड्या काढल्या.

मी माझी सीडी दिली.
कॅसेटवरून उतरवलेली, साल अठ्ठ्याण्णव,
देवळाचा सभामंडप, विलंबित एकताल,
भिकू आंगले गातोय
आणि तबल्यावर मी.

पहिली जोडी अकरा हजार, काळी, चकचकीत.
तिच्यात माझा डग्गा एवढा मोठा झाला
की भिकू त्याच्या मागे कुठेतरी
नारळाच्या झाडाआड उभा राहून गात होता.
मला ती आवडली, खोटं कशाला बोलू.

दुसरी साडेसतरा. बजेटात बसणारी.
लग्नात भेटणाऱ्या दूरच्या मावशीसारखी,
सगळ्यांशी गोड, सगळ्यांशी तेवढीच.

तिसरी वापरलेली.
कुणा तारवट्याने घर विकताना दिलेली,
एका पेटीच्या माथ्यावर ग्लासाचा पांढरा गोल.
"एकवीस," रुझारबाब म्हणाला, "पूण आदीं आयक."

सभामंडप उघडला.
खांब दिसले म्हटलं तर हसाल.
पेटीचा भाता फाटका होता, तो सुस्कारा,
कुणीतरी तबक खाली ठेवलं, ते कुठे ठेवलं तेही,
डावीकडे, समईजवळ.
आणि मग ती जागा,
जिथे भिकूने निषाद लांबवला होता
आणि लोकांनी वाहवा केली होती,
जी जागा मी आल्यागेल्याला ऐकवतो.

निषादाच्या आधी एक श्वास होता.
घाईचा, चोरून घेतलेला.
मी आवर्तन पुन्हा लावायला सांगितलं.
मोजलं.
पुन्हा लावायला सांगितलं.
बाराच्या जागी मी तेरा वाजवल्या होत्या.
भिकू समेवर पोचलाच होता.
मला येताना न बघून
तो तिथेच, सुरावर, उभा राहिला
आणि दोघं मिळून आलोत असं दाखवलं.

कधी बोलला नाही.
आता तर अकरा वर्षं बोलतच नाही,
कुंपणाच्या भिंतीवरून.
हातभर जागा. पंचायत, मोजणी, वकील,
आणि मागच्या पावसात ती भिंत
आपणहून पडली.

"कितें जालें?" रुझारबाब.
काही नाही म्हटलं. हीच बांधा.
"उरिल्ले नाताळां मेरेन दी," तो म्हणाला,
"आनी फळयेर दवरूं नाका,
वणटीपसून वीतभर पयस, कानाच्या उंचीचेर."
स्टँड पाच हजारांचे होते.
माझा चेहरा बघून त्यानेच हात हलवला,
"चिऱ्यांचेर दवर रे. चिरो हालना."

परतीच्या बसमध्ये दोन खोकी मांडीवर,
कंडक्टरने त्यांचं तिकीट मागितलं, वाद झाला,
अर्धं काढलं.

आता खोलीत जमिनीवर बसलेत दोघे,
वायरी जोडायच्या आहेत.
चिरे लागतील एकूण सहा, जुने, जड, न भुगणारे.
माझ्या परसात चारच निघाले.
बाकी आहेत ते सगळे
त्या पडलेल्या भिंतीचे,
गवतात, अर्धे इकडे, अर्धे तिकडे,
कुणाचे कुठले ते कोर्टालाही सांगता आलेलं नाही.

सुलक्षा विचारते, शर्ट का बदलतोयस?