छेद

तहसीलच्या कागदावर सात.
कॉटेज हॉस्पिटलच्या फळ्यावर नऊ,
त्यातला एक बोटाने पुसलेला.
मोबाइलवर फिरणाऱ्या यादीत एकवीस;
तिच्यात भिकन टेलरही आहे,
जो आत्ता समोर बसून माझा मास्क शिवतोय.

सात, पण कितींतून?
हे पारोळ्यात कुणी सांगत नाही.
छेद नसलेला अपूर्णांक
रोज संध्याकाळी सहाला वर पाठवते मी.

शेवटी झुलाल आप्पाला गाठलं.
बर्फाचा डबा मांडीशी धरून
तो धुळ्याला जातो, रिकामा परततो.
"काल कितल्या व्हत्यात, आप्पा?"
"सत्तावीस. एक फुटनी, मुकटीना खड्डामा."

विडीबंडलाच्या कागदांवर
त्याच्याकडे तारीखवार होतं सगळं:
नेलेल्या नळ्या, आलेले निकाल,
आणि खाली, आडव्या रेघेनंतर,
ज्यांचं उत्तर आलंच नाही ते.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं लिहायला.
"डबा मना हातमा शे ना," म्हणाला.

वरून आलेल्या नमुन्यात
नमुन्यांसाठी रकानाच नव्हता.
समासात पेन्सिलीने लिहिलं:
सत्तावीस. एक फुटली.

फुटलेली कुणाची,
ते अजून विचारत फिरतेय.