नग

अक्षरी बारा रुपये घ्यायचो तेव्हा,
जोडाक्षराचे पंधरा.
'नगर' म्हणजे हलकं काम:
काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही,
फक्त ग-चा दांडा जरा सुटा ठेवायचा,
मधे बोटभर उजेड.

सानपाड्याच्या आजरेकरांनी शिडी धरली होती माझी,
सोसायटीची पाटी रंगवत होतो,
आणि ते पेन्शनरच्या निवांतपणे
शब्द सोलत होते.
शहर, म्हणाले, फारसीतून आलं.
मुळाशी सत्ता. ज्याचा हुकूम चालतो त्याचा मुलूख.
म्हटलं, बरोबर,
नोटिसा तिकडूनच यायच्या.

आणि नगर?
नग म्हणजे डोंगर. न जाणारा. जागचा न हलणारा.
डोंगराएवढी घरं जिथे, ते नगर,
असं म्हणतात. खात्री कुणालाच नाही.

मला हसू आलं, ब्रश निथळला त्यांच्या चपलेवर.
काका, मी जाताना पाहिलाय त्याला.
पारसिकचा अख्खा खांदा
तुर्भ्याच्या खदानीतून,
डंपरमागून डंपर, ब्रासच्या भावाने.
दुपारी सुरुंगाची शिट्टी झाली की
आई भाकरीवर ताट पालथं घालायची,
तरी दाताखाली यायचाच डोंगर.
वाशी, नेरूळ, तुम्ही उभे आहात तो जिना,
सगळा तोच. खडी झालेला.

बाप माझा, तिमण्णा, अक्कलकोटकडचा वडार.
कुठे टिकला नाही जन्मात.
दगड संपला की बिऱ्हाड उचललं.
पाचव्या खदानीपाशी कागद आला:
आठ दिवसांत जागा खाली करा.
मी वाचून दाखवला.
तो म्हणाला, पत्रा घे.
'यल्लम्मानगर' लिही. मोठ्ठं.

एकवीस झोपड्यांचं कसलं आलंय नगर?

लिही म्हणतो ना.

चौदाव्या वर्षी, कंदिलाशी बसून,
ट्रकच्या फाळक्याचा उरलेला पिवळा.
माझी पहिली पाटी. पैसे मिळाले नाहीत.
ग वाकडा आला.
बापाने पत्रा खांबाला ठोकला, सुतकीनेच,
आणि त्याखाली बसला विडी पेटवून,
पाठीशी अर्धा कापलेला डोंगर.

सकाळी जीप आली तेव्हाही तिथेच.
उठ म्हणाले. उठला नाही.
पुन्हा म्हणाले.
तेव्हा त्यांच्यातला एक, कागद गुंडाळत,
दुसऱ्याला म्हणाला,
काय नग आहे रे हा.